टिटवीबाईंची सरासरी

एका जंगलात, मुलांनो, एक विद्यापीठ होते. जंगलात विद्यापीठ कशाला, असे विचारू नका. जंगलातही ते कुणी विचारले नव्हते. एका वर्षी दरबारातून परिपत्रक आले आणि दुसऱ्या वर्षी विद्यापीठ आले. परिपत्रकाच्या मागोमाग जे येते, त्याला कारण विचारायचे नसते.

विद्यापीठात तीन विभाग होते. ज्यांना पंख, त्यांचा पंख विभाग. ज्यांना खूर, त्यांचा खूर विभाग. ज्यांना नखे, त्यांचा नख विभाग. नख विभागात बरीच वर्षे कुणी प्रवेश घेतला नव्हता. नखवाल्यांना जे हवे असते ते शिकायला विद्यापीठात जावे लागत नाही. पण विभाग होता, विभागाला पाटी होती, आणि ती पाटी रोज सकाळी पुसली जात असे.

ह्या विद्यापीठात टिटवीबाई शिकवत. लहानखुरा जीव. पाय पिवळे, चोच लाल, आणि डोळे चारी दिशांना. आवाज गोड होता, असे त्यांच्या आईनेही कधी म्हटले नसेल. त्यांचा विषय होता 'धोक्याची सूचना'. तो दोन विभागांना मिळून होता. पंख विभागात त्याचे नाव 'सूचना देणे' आणि खूर विभागात 'सूचना घेणे'. वर्ग मात्र एकच, अर्जुनाच्या झाडाखाली. पंखवाले फांदीवर बसत, खूरवाले खाली बसत.

अर्धा तास टिटवीबाई शिकवत.

"गवत हललं की ओरडा," त्या सांगत. "वारा नसताना हललं तर आधी ओरडा, मग बघा. चूक झाली तर झाली. उगाच ओरडल्यानं आजवर कुणी मेलेलं नाही."

उरलेला अर्धा तास सांबरेसर शिकवत. सांबरेसर म्हणजे एक वयस्कर सांबर. शिंगे भलीमोठी, आवाज मऊ, आणि निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली.

"ऐकलं की पळायचं," ते सांगत. "कोण ओरडलं, का ओरडलं, खरंच काही आहे का, ही सगळी चर्चा पळता पळता करायची."

एवढाच अभ्यासक्रम. पण तीन वर्षांत ह्या वर्गातला एकही विद्यार्थी कुणाच्या पोटात गेला नव्हता. आता मुलांनो, तुम्ही म्हणाल, मग बाईंना केवढे बक्षीस मिळाले असेल! तसे काही झाले नाही. टिटवीबाई सात हंगाम घड्याळी तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे तास सुरू असला की बाई, तास संपला की नुसती टिटवी.

कायम होण्यासाठी विद्यार्थ्यांच्या अभिप्रायात सरासरी साडेतीन पाने लागत. हे पानांचे जरा सांगायला हवे. सत्र संपले की प्रत्येक विद्यार्थ्याने विषयाला पळसाची पाने द्यायची. फार आवडला तर पाच, अजिबात नाही आवडला तर एक. पळसाला पाने तीनच, हे साऱ्या जंगलाला ठाऊक होते. पण परिपत्रकात पाच लिहिले होते. म्हणून उरलेली दोन बाहेरून जोडून आणायची.

जे कायम होत, त्यांना विद्यापीठाच्या आवारात घरट्यासाठी जागा मिळे. आवारात शिकार बंदी होती. टिटवीबाईंची चार अंडी मात्र नदीकाठच्या उघड्या गोट्यांत पडलेली असत. मुंगूस येई, साप येई, भटका कोल्हा येई. बाई तास घेत त्या वेळी टिटवेराव अंड्यांवर बसत, आणि बाईंचे अर्धे लक्ष नेहमी नदीकडे असे. त्यांना कायम व्हायचे होते ते मानासाठी नव्हे. त्यांना एकदा तरी डोळे मिटून अंडी उबवायची होती.

आणि त्याच वर्षी नवे परिपत्रक आले. 'ह्यापुढे प्रत्येक विषय किमान तीन विभागांना सामाईक असावा. त्यामुळे ज्ञानाच्या भिंती पडतात.' जंगलात भिंत एकही नव्हती. पण पडणार म्हटल्यावर सगळ्यांनी जयजयकार केला.

अशा रीतीने 'धोक्याची सूचना' हा विषय नख विभागालाही लागला. तिथे त्याचे नाव ठेवले 'सूचनेचा उपद्रव'. आणि इतक्या वर्षांनी नख विभागाला एक विद्यार्थी मिळाला.

पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. पंख विभागाचे अकरा. खूर विभागाचे चोवीस. मग बाईंनी यादी उलटली.

"नख एक?"

करवंदीच्या जाळीतून खर्जातला आवाज आला, "हजर, बाई."

बाई ओरडल्या. अख्खा वर्ग उठला आणि धूळ उडवीत नाहीसा झाला. फांदी रिकामी झाली. सांबरेसर सगळ्यांच्या पुढे होते. ते तर शिकवणारेच होते. जाळीतून एक बिबट्या बाहेर आला आणि रिकाम्या मैदानाकडे बघत बसला.

"बाई, आवारात शिकार बंदी आहे," तो म्हणाला. "मी नुसता ऐकायला आलोय."

"ठाऊक आहे मला," बाई हवेत घिरट्या घालत म्हणाल्या. "पण तू हजर म्हणालास."

"मग काय म्हणायचं होतं?"

बाई आणखी वर उडाल्या. तो तास दीड मिनिटात संपला. विद्यापीठाच्या दप्तरात तो पूर्ण तास म्हणूनच नोंदला गेला.

पुढे हळूहळू सवय झाली. बिबट्या जाळीतून ऐके. टिपणे काढी. शंका मात्र चमत्कारिक विचारी. "बाई, वारा तुमच्याकडून माझ्याकडे वाहत असेल तर तुम्हाला कळतं का?" "बाई, तुम्ही दिवसातून साधारण किती वेळा जांभई देता?" बाई खरी उत्तरे देत. शिक्षकाने विद्यार्थ्यांत भेदभाव करू नये, असा नियम होता आणि बाईंचा त्यावर विश्वासही होता. आठवड्यातून एकदा आवाराबाहेर, मिठाच्या चाटणावर प्रात्यक्षिक असे. तिथे शिकार बंदी लागू नव्हती. हरणे जमिनीतले मीठ चाटत, बाई पहारा देत, बिबट्या येई, बाई ओरडत, हरणे पळत, बिबट्या उपाशी घरी जाई. सबंध सत्र असेच गेले. प्रात्यक्षिक दर वेळी यशस्वी झाले.

सत्र संपले. पाने गोळा झाली. बाईंना निकालाचा कागद मिळाला. त्यावर लिहिले होते: सरासरी तीन पाने आणि एक तृतीयांश देठ.

बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. खाली अभिप्राय होते. 'शिंगे फार मोठी आहेत, मागे बसणाऱ्यांना काही दिसत नाही.' बाईंनी डोक्यावरून पंख फिरवून पाहिला. शिंगे नव्हती. त्याच वेळी सांबरेसर आपला कागद घेऊन आले. त्यांच्या कागदावर लिहिले होते: 'आवाज फार कर्कश आहे. अंडी सोडून येतात, मन वर्गात नसते.'

"बाई, मी अंडी कधी घातली हो?" सरांनी काळजीने विचारले.

विषय दोघांचा मिळून, म्हणून पानांचा ढीगही मिळून केला होता. ढीग वाटताना ज्याचे त्याला गेले नव्हते. दोघांनी कागद बदलून घेतले. पण बाईंची सरासरी तरी तीनच राहिली.

म्हणून बाई मूल्यमापन कक्षात गेल्या. कक्षाचे प्रमुख होते खवलेसाहेब. खवलेसाहेब म्हणजे खवले मांजर. अंगभर खवले, स्वभाव सौम्य, बोलणे हळू. अवघड प्रश्न आला की ते नाक पोटात खुपसत आणि गुंडाळून चेंडू होत. चेंडूला पुढचा प्रश्न विचारता येत नाही. ह्याच गुणावर त्यांना प्रमुख केले होते.

"साहेब, पंखवाल्या अकरा जणांनी चार-चार पानं दिली," बाई म्हणाल्या. "खूरवाल्या चोवीस जणांनी पाच-पाच दिली. मी स्वतः मोजली. एकानं एक दिलं. छत्तीस जणांत एकशे पासष्ट पानं होतात. साडेचाराच्या वर सरासरी येते. तीन कुठून आली?"

"बाई, विषय सामाईक आहे," खवलेसाहेब म्हणाले. "सामाईक विषयात विद्यार्थी मोजत नाहीत, विभाग मोजतात. पंखांची चार, खुरांची पाच, नखांचं एक. झाली दहा. भागिले तीन."

"पण नख विभागात एकच विद्यार्थी आहे!"

"म्हणून तर त्या विभागाचं मत एकमुखी आहे. बाकीच्या विभागांत मतभेदाची शक्यता तरी राहते."

"त्यानं लिहिलंय तरी काय?"

"ते दाखवता येत नाही. विभागात पाचपेक्षा कमी विद्यार्थी असले की अभिप्राय गुप्त राहतो. नाहीतर कुणी लिहिलं ते शिक्षकाला कळेल."

"अहो, मला माहीत आहे कुणी लिहिलं! जाळीत बसतो, अंगावर ठिपके आहेत!"

खवलेसाहेबांनी दोन्ही कानांवर पंजे ठेवले. "मी ऐकलं नाही. मी काही ऐकलेलं नाही. बाई, तो विद्यार्थी आहे. उद्या तुम्ही त्याच्यावर आकस धरलात तर? दुर्बळांचं रक्षण करणं हे आमचं काम आहे."

मग त्यांना बाईंची दया आली. ते मनाने वाईट नव्हते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"सारांश सांगतो. सारांश सांगायला बंदी नाही. शिक्षिकेनं सूचना थोडी उशिरा द्यावी, एवढंच त्या विभागाचं म्हणणं आहे."

"उशिरा म्हणजे किती?"

"विद्यार्थ्याला पाठ पूर्ण करता येईल इतकी."

"पाठ," बाईंनी विचारले, "की पाठलाग?"

खवलेसाहेब चेंडू झाले. बाईंनी चोचीने एकदा टकटक केली.

दोन दिवसांनी बाईंच्या हाती सुधारणा आराखडा पडला. 'धोका दिसल्यावर शिक्षिकेने मनातल्या मनात वीस आकडे मोजावेत व त्यानंतर सौम्य स्वरात सूचना द्यावी.' खाली सहीला जागा होती. पुढच्या सत्रात साडेतीन पाने मिळाली तर बाई कायम. न मिळाली तर तासिका बंद.

"बाई, सही करा," सांबरेसर म्हणाले. "एक सत्र मोजा वीस. कायम झालात की हवं तेवढं ओरडा."

"आणि त्या एका सत्रात कुणी गेलं तर?"

सांबरेसरांनी गवताचा एक घास तोडला. "मी त्यांना जरा जास्त जोरात पळायला शिकवीन," ते म्हणाले. पण म्हणताना त्यांनी बाईंकडे पाहिले नाही.

बाईंनी सही केली. त्यांना दोष देऊ नका, मुलांनो. चार अंडी उघड्यावर असली की सही कशावरही होते.

त्या दिवशी नदीकाठी बसून बाईंनी मोजायचा सराव केला. "एक, दोन, तीन, चार..." शांतपणे अठरापर्यंत पोचल्या. टिटवेराव कौतुकाने म्हणाले, "जमतंय की!" तेवढ्यात गोट्यांमागून मुंगसाचे नाक दिसले. बाईंनी डोळे घट्ट मिटून पुन्हा सुरुवात केली. एक. दोन. तीनच्या पुढे त्यांचा घसा त्यांचे ऐकेना. असा काही टाहो फुटला की मुंगूस उलटे पडून पळाले.

"स्वतःच्या अंड्यांवर कसला सराव करायचा," बाई धापा टाकत म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या बाबतीत जमेल."

आता त्या वर्गात ठिपकी नावाची एक चितळाची पोर होती. अभ्यासात हुशार, पण मिठाची भारी हौस. चाटणावर डोके खाली घातले की तिला जगाचे भान राहत नसे. "मी कशाला वर बघू?" ती मैत्रिणींना सांगे. "बाई आहेत ना."

सुधारित पद्धतीचे पहिले प्रात्यक्षिक उन्हे कलताना सुरू झाले. खवलेसाहेब स्वतः हजर होते. त्यांच्या शेजारी पळसाच्या पानांचा भारा होता, कारण प्रात्यक्षिक संपल्याबरोबर तिथेच सबंध सत्राचा अभिप्राय घ्यायचा असे ठरले होते. उशीर झाला की विद्यार्थ्यांची मते निवळतात, असे कक्षाचे निरीक्षण होते.

हरणे पांगली. ठिपकीने डोके खाली घातले. वारा पडला होता. आणि कुसळाच्या गवतातून एक कान वर आला.

बाईंनी तो पाहिला. खवलेसाहेबांनीही पाहिला आणि बाईंकडे मान हलवली.

एक, बाईंनी मोजले. दोन. तीन. कान खाली गेला. चार. पाच. गवताची एक ओळ वाकली, मग पुढची. सहा, सात. सांबरेसर दूर उभे होते. त्यांचे सगळे अंग ताठ झाले होते आणि ते बाईंकडे टक लावून बघत होते. आठ. बाईंना आपली चार अंडी दिसली, कुंपणाच्या आत, सावलीत. नऊ. ठिपकीची शेपटी आनंदाने हलत होती. दहा. तिची जीभ मिठावर खर्र खर्र वाजत होती. अकरा.

अकरा हा आकडा बाईंनी नंतर कितीतरी दिवस कुणासमोर उच्चारला नाही.

बाई ओरडल्या. सौम्य स्वर वगैरे काही राहिले नाही. सात हंगाम तासिकेवर साचलेले सगळे त्या ओरडण्यात होते. सांबरेसरांनी खूर आपटला, हरणे उधळली, पंखवाले भुर्र झाले, आणि बिबट्याची झेप ठिपकीच्या शेपटीचे चार केस घेऊन रिकाम्या चाटणावर उतरली. त्याचे तोंड मिठाने भरले. त्याने धुसफुसत शेजारचा चेंडू पंजाने दोनदा उलटवून पाहिला. चेंडूला खवले होते. त्याने तो सोडून दिला.

थोड्या वेळाने चेंडू उलगडला. खवलेसाहेबांनी चारी बाजूंना पाहिले, घसा खाकरला आणि नियमाप्रमाणे विचारले, "उपस्थित विद्यार्थ्यांनी अभिप्राय द्यावा."

उपस्थित विद्यार्थी एकच होता. त्याने मीठ थुंकले आणि एक पान दिले.

इकडे नदीपलीकडे वर्ग धापा टाकत थांबला होता. बाई उडत उडत तिथे पोचल्या आणि त्यांनी डोकी मोजली. सगळी होती. दोनदा मोजली, तरी सगळी होती. ठिपकी बाईंच्या जवळ आली.

"बाई," तिने विचारले, "आज उशीर का झाला?"

बाई पंख सावरू लागल्या.

"तुम्हाला दिसला नव्हता का?"

"दिसला होता," बाई म्हणाल्या. "मी मोजत होते."

"काय मोजत होता?"

बाईंना त्या पोरीच्या डोळ्यांत बघवेना. त्या दुसरीकडे मान वळवून उभ्या राहिल्या. सांबरेसर पुढे झाले आणि म्हणाले, "चला, चला, घरी चला."

दुसऱ्या दिवशी ठिपकी सगळ्या खूर विभागाला घेऊन मूल्यमापन कक्षात गेली. प्रत्येकाच्या तोंडात पाच पाने होती.

"मुदत संपली," खवलेसाहेब म्हणाले.

"अहो, पण आम्ही तेव्हा पळत होतो!"

"पळण्यापूर्वी द्यायची होती."

"पळण्यापूर्वी आम्हाला काय ठाऊक, बाई वाचवणार आहेत की नाही?"

"हे बघा," खवलेसाहेब समजुतीने म्हणाले, "उपस्थितांपैकी शंभर टक्के विद्यार्थ्यांनी अभिप्राय दिला आहे. विद्यापीठाच्या इतिहासात इतका प्रतिसाद कधी आला नव्हता. आता त्यात भर घातली तर टक्केवारी बिघडेल."

ठिपकी आणखी काही विचारणार होती, पण तोवर समोर चेंडू होता.

बाईंची तासिका बंद झाली. आभाराचे पत्र आले. त्यात नाव सांबरेसरांचे पडले होते. खाडाखोड करून टिटवी लिहिले होते.

बाईंच्या जागी दयाळसर आले. दयाळ पक्षी तुम्ही पाहिला असेल, काळा-पांढरा, शेपटी उभारून गाणारा. अतिशय गोड गळा. ते सूचना गाऊन देत. आधी आलाप, मग मुखडा. वीस आकडे आलापातच संपत. 'सावध व्हा हो, सावध व्हा' हे शब्द येईपर्यंत ऐकणाऱ्यांचे डोळे मिटलेले असत. काहींचे पुन्हा उघडत नसत.

सत्र संपले तेव्हा खूर विभागात चोवीसांऐवजी एकोणीस विद्यार्थी होते. कक्षाने पाच जणांची नोंद 'गळती' ह्या सदरात केली. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' असे लिहिले. उरलेल्या एकोणीस जणांना गाणे मनापासून आवडले होते. त्यांनी पाच-पाच पाने दिली. पंख विभागाला तर गाणारा शिक्षक म्हणजे अभिमानाची गोष्ट. त्यांनीही पाच दिली. नख विभागाने एकमुखाने पाच दिली आणि खाली लिहिले, 'सर समजूतदार आहेत. विषय आता पचतो.' गळालेल्या पाच जणांची काहीच तक्रार आली नाही. तीन विभागांची सरासरी पाच भरली. दयाळसर पहिल्याच सत्रात कायम झाले, आणि 'सूचनेचा उपद्रव' हा उत्कृष्ट सामाईक विषय ठरला.

सत्काराच्या दिवशी सांबरेसर मागच्या रांगेत उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. खूरवाल्याला टाळ्या वाजवता येत नाहीत, म्हणून ते कुणाच्या लक्षात आले नाही. कार्यक्रम संपल्यावर ते ठिपकीच्या बाजूने गेले आणि तिच्याकडे न बघता पुटपुटले, "नदीच्या पात्रात चारा बरा आहे म्हणतात. मी काही म्हटलेलं नाही."

ठिपकी दुसऱ्या दिवशी पात्रात गेली. टिटवीबाई गोट्यांत बसल्या होत्या. त्यांना पाहून ठिपकी थोडी दूरच थांबली. बाईंनीही बोलावले नाही. दोघी बराच वेळ तशाच होत्या, एक चरत, एक बघत. मग पलीकडच्या काठावर गवत हलले. बाई ओरडल्या. ठिपकी पळाली. तो नुसता ससा होता.

"ससाच होता," बाई खजील होऊन म्हणाल्या.

"असू दे," ठिपकी परत येत म्हणाली. आणि ह्या वेळी ती जवळ येऊन चरू लागली.

चार दिवसांनी ती मैत्रिणींना घेऊन आली. मग खूर विभागातले सगळेच येऊ लागले. तिथे हजेरी नव्हती, फळा नव्हता, विभाग नव्हते. बाई आपल्या अंड्यांसाठी ओरडत आणि जो ऐकेल तो पळे. आवाराच्या कुंपणापेक्षा आता अंड्यांभोवती जास्त डोळे होते. एखादी हरिणी मुंगसाला पाहून स्वतःच खूर आपटी, आणि त्या वर्षी बाईंची चारही पिल्ले गोट्यांतून तुरुतुरु चालत बाहेर पडली.

पण विद्यापीठ काही कुणी सोडले नाही. कसे सोडणार? पदवी तिथेच मिळते. मुले सकाळी पात्रात जिवंत राहायला शिकत आणि दुपारी दयाळसरांच्या वर्गात नाव लावून येत. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सगळ्या खूर विभागाचे पोट दुखे. दयाळसर रिकाम्या चाटणावर गात, आणि बिबट्या गवतात पडून ऐके. त्याला आता गाण्यातले बरेच कळू लागले होते. पोट मात्र पाठीला लागले होते.

शेवटी पदवीदानाचा दिवस आला. ठिपकी पहिली आली होती. पदवी घेण्यापूर्वी प्रत्येकाने पाने द्यायची, हा नियम होता. खवलेसाहेबांनी तिच्यापुढे विषयांची यादी धरली. 'धोक्याची सूचना', सूचना देणारे शिक्षक: दयाळ. दुसऱ्या नावाला जागा नव्हती. पाने न देणाऱ्याला पदवी नव्हती.

ठिपकीने "आलेच" म्हटले आणि ती तडक नदीवर गेली.

"बाई, मी काय करू? दयाळसरांच्या गाण्यानं पाच जण गेले. त्यांना एक पान सुद्धा द्यायला नको. पण एकोणीस जणांत माझ्या एका पानानं काय होणार? आणि तुमचं तर नावच नाही."

टिटवीबाई पिल्लांकडे बघत होत्या. एक पिल्लू पाण्याच्या फार जवळ गेले होते.

"तुला काय वाटतं, मला पानं हवीयत?" त्या म्हणाल्या. "मला पळसाच्या पानांचं काय करायचंय? इथं सावली सुद्धा पडत नाही त्यांची. तू लिही खरं काय ते. एक द्यायचं तर एक दे. आणि कारण लिही. पाच जणांची नावं लिही."

"ते वाचतील?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पण तू लिहिलंस हे तुला माहीत राहील. मी एकदा अकरापर्यंत मोजलं होतं, ठिपके. ते कुठंच लिहिलेलं नाही, तरी रोज आठवतं."

ठिपकीने मान खाली घालून बाईंच्या पंखाला एकदा नाक लावले. मग ती परत गेली. तिने एक पान दिले आणि देठाजवळ दातांनी पाच खुणा कोरल्या, प्रत्येक गेलेल्यासाठी एक.

खवलेसाहेबांनी ते पान उजेडात धरून पाहिले. त्यांना त्या खुणा कळल्या असाव्यात, कारण ते थोडे गुंडाळू लागले होते. मग त्यांनी स्वतःला सावरले. त्यांनी खुणा मोजल्या, समाधानाने मान हलवली आणि वहीत लिहिले: 'ठिपकी, खूर विभाग: पाच.'

तात्पर्य: मुलांनो, सूचना नेहमी गोड आवाजात आणि वीस मोजून द्यावी. ज्यांना ती वेळेवर मिळते ते आवाजाबद्दल कुरकुर करतात. ज्यांना ती उशिरा मिळते, त्यांची आजवर एकही तक्रार आलेली नाही.